'कधी कधी' बंद पडणारी गाडी



जुन्या गाडीची दुखणी दोन प्रकारची. एक कायमचे आणि दुसरे अधूनमधूनचे. त्यातले कायमचे एक वेळ परवडले. गाडी सुरूच होत नाही म्हटल्यावर ती ढकलत का होईना पण मिस्त्रीच्या दारात नेता येते, आणि दोष त्याच्या डोळ्यांसमोर असतो. खरा छळ करते ती 'कधी कधी' बंद पडणारी गाडी. घाटात आचके देत थांबते, दहा मिनिटांनी काही झालेच नाही अशा थाटात सुरू होते, आणि गॅरेजमध्ये नेली की गुणी बाळासारखी चालते. मिस्त्री दोन फेऱ्या मारून येतो आणि म्हणतो, "काकू, काही नाही हो झालेलं, मस्त चालतेय गाडी."

आज याच विषयावर माझे मत मांडणार आहे. मी आयुष्यभर शाळेत मराठी शिकवले, शिक्षण बी.ए.चे, आणि गाडी मला चालवताही येत नाही. तेव्हा "ही बाई आता इंजिनावर बोलणार का?" असे कुणाला वाटले तर रागावणार नाही. पण चाळीस वर्षे डाव्या बाजूच्या सीटवर बसून काढली आहेत. गाडी कुठे, कशी आणि किती वेळाने थांबते हे चालवणाऱ्यापेक्षा शेजारी बसणाऱ्याला जास्त नीट दिसते, असे माझे ठाम मत आहे. चालवणारा रस्त्याकडे बघत असतो ना!

माझे म्हणणे थोडक्यात असे. पेट्रोलचा पुरवठा अधूनमधून तुटत असेल तर तो दोष सुटे भाग बदलत बसून सापडत नाही. दोष चालू असतानाच तपासावे लागते, एका वेळी एकच गोष्ट बदलावी लागते, आणि त्यासाठी घरच्या कुणीतरी वहीत नोंद ठेवावी लागते. एवढे न करता गाडी भंगारात काढणे हा त्या गाडीवर अन्याय आहे.

आमच्या घरातल्यांना गाडी माहीतच आहे. इतरांसाठी सांगते. आमच्या ह्यांनी १९८६ साली प्रीमियर पद्मिनी घेतली. तेव्हा मुंबईतल्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी बनत असे. मूळची इटलीची फियाट ११००. आपल्याकडे १९६४ पासून ती डिलाइट नावाने निघू लागली आणि १९७४ मध्ये तिचे नाव पद्मिनी झाले. इंजिन १०८९ सीसीचे, चार सिलिंडरचे, अगदी साधे. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे हीच. त्यातली शेवटची टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ ला रस्त्यावरून उतरली तेव्हा वर्तमानपत्रांनी मोठमोठे लेख छापले होते. खासगी पद्मिनी मात्र अजून इकडेतिकडे दिसतात. त्यातली एक वाईला आमच्या अंगणात आहे.

२०१९ मध्ये हे गेले. गाडी पुतण्या चालवू लागला. माझी नणंद पाचगणीला असते, तिची तब्येत नाजूक, त्यामुळे महिन्यातून दोन-तीनदा पसरणीच्या घाटातून जाणे होतेच. २०२३ च्या पावसाळ्यानंतर गाडी त्या घाटात थांबू लागली. एकदा वळणावर थांबली आणि मागून एसटी आली, तेव्हा पुतण्या इतका घाबरला की वर पोचल्यावर म्हणाला, "काकू, आता पुरे. काढून टाकू या." त्याचे चुकीचे नव्हते. घाटात कधी थांबेल याचा भरवसा नसलेली गाडी धोक्याचीच. त्यातून नोंदणीचे पाच वर्षांचे नूतनीकरण तोंडावर. त्याचे शुल्क २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले आणि पुढे वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी आणखी वाढले. म्हणजे दोष सापडतो की नाही यावर गाडी राहते की जाते हे ठरणार होते.

आता पेट्रोल कसे वाहते ते पाहू, कारण सगळे निदान त्यावर उभे आहे. आजच्या गाड्यांत टाकीतच विजेचा पंप असतो आणि तो पेट्रोल पुढे ढकलतो. पद्मिनीत तसे नाही. टाकी मागे, पंप पुढे इंजिनाच्या अंगाला. हा पंप इंजिनाच्या फिरण्यावर चालतो. आत एक पातळ पडदा असतो, त्याला डायफ्राम म्हणतात. तो खालीवर होतो आणि लांबून पेट्रोल ओढून घेतो. जुने मिस्त्री त्याला 'एसी पंप' म्हणतात, त्याचा थंड हवेशी काही संबंध नाही. पंपातून पेट्रोल कार्बोरेटरच्या लहानशा वाटीत जाते. तिथे फ्लोट असतो, आपल्या संडासाच्या टाकीत असतो तसाच. वाटी भरली की सुई वर जाऊन वाट बंद करते, पातळी उतरली की उघडते.

या रचनेतून एक गोष्ट कळते. टाकीपासून पंपापर्यंत पेट्रोल ओढले जाते आणि पंपापासून पुढे ढकलले जाते. ढकलणाऱ्या नळीला भोक पडले तर पेट्रोल ठिबकते, वास येतो, डाग दिसतो. ओढणाऱ्या नळीला बारीक चीर गेली तर बरेचदा बाहेर थेंबही दिसत नाही, उलट बाहेरची हवा आत जाते. उसाचा रस पिताना स्ट्रॉ चिरलेला असला की रस वर येत नाही, नुसता सूं आवाज येतो, तसेच. म्हणून "कुठे गळत नाही, म्हणजे पाइप चांगले आहेत" हे वाक्य अर्धेच खरे.

दुसरी गोष्ट, वाटीत थोडे पेट्रोल नेहमी शिल्लक असते. बाजारात हळूहळू फिरताना इंजिनाची गरज कमी असते. नळी अर्धी तुंबलेली असली तरी वाटी भरत राहते. चढावर मात्र गरज वाढते, येणारे पेट्रोल पुरत नाही, वाटी रिकामी होते आणि गाडी थांबते. गॅरेजभोवती दोन फेऱ्या मारून दोष का दिसत नाही याचे उत्तर इथे आहे. मिस्त्री खोटे बोलत नाही. तो गाडीला तिच्या दुखण्याच्या जागी नेत नाही, इतकेच.

पूर्वी आमच्या लहानपणी हिवताप असे. एक दिवसाआड थंडी वाजून यायची. ताप नसलेल्या दिवशी पोरगे अंगणात हुंदडताना दिसे, म्हणून काही त्याला बरे झाले असे कुणी म्हणत नसे. जुने डॉक्टर ताप चढलेला असताना रक्त तपासायला घेत. गाडीलाही ताप चढलेला असताना बघायला हवे.

पहिला प्रश्न असा की खरोखर पेट्रोल तुटते की ठिणगी? जुन्या गाडीत कॉइल किंवा कंडेन्सर तापल्यावर दगा देतात आणि निवल्यावर पुन्हा चालतात, त्यामुळे लक्षण सारखेच वाटते. पण बहुतेक वेळा ठिणगी गेली की इंजिन चावी फिरवल्यासारखे एकदम गप्प होते. पेट्रोल कमी पडले की आधी ताकद जाते, आचके बसतात, मग थांबते. याहून पक्की परीक्षा रस्त्यावरच करता येते. इंजिन बंद असताना एअर फिल्टरचे झाकण काढायचे, कार्बोरेटरच्या घशात पाहायचे आणि अॅक्सिलरेटरची दांडी हाताने ओढायची. आत पेट्रोलची बारीक पिचकारी दिसली तर वाटीत पेट्रोल आहे, तेव्हा कॉइलकडे वळा. पिचकारी उडाली नाही तर बहुधा वाटी कोरडी आहे. एका मिनिटाचे काम. पण ते गाडी थांबल्याक्षणी करायला हवे, दहा मिनिटांनी केले तर उत्तर बदललेले असते.

पेट्रोलच तुटते आहे हे नक्की झाले की संशयित मोजकेच उरतात.

पहिला टाकीच्या झाकणाचा. झाकणाला किंवा टाकीला हवा आत यायला वाट असते. ती बुजली तर पेट्रोल कमी होईल तशी आत पोकळी तयार होते आणि पंपाला ओढवत नाही. गाडी थांबल्याबरोबर झाकण उघडा. सुस्स असा आवाज आला आणि गाडी लगेच चालू झाली तर चोर सापडला.

दुसरा उष्णतेचा, म्हणजे व्हेपर लॉक. तापलेल्या पंपात किंवा नळीत पेट्रोलची वाफ होते आणि पंप वाफच ओढत बसतो. हे बहुतेक उन्हाळ्यात, चढावर किंवा वाहतूक कोंडीत घडते. पंपावर ओले फडके ठेवल्याबरोबर गाडी सुरू झाली तर संशय बळावतो.

तिसरा पंपाचा. पडदा थकलेला, आतल्या झडपा नीट न बसणाऱ्या. चौथा कार्बोरेटरचा, अडकणारी सुई किंवा जेटमध्ये फिरणारा कचरा. पाचवा मधल्या रबरी नळ्यांचा. त्या बाहेरून धडधाकट दिसतात आणि आतून फुगलेल्या असतात. सहावा टाकीतल्या गंजाचा आणि गाळाचा.

यात अलीकडे एक भर पडली आहे. आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण २०२५ मध्ये २० टक्क्यांवर गेले. इथेनॉल पाणी शोषून घेते, जुन्या प्रकारच्या रबराला फुगवते आणि टाकीत वर्षानुवर्षे चिकटून बसलेला थर सोडवू शकते. पद्मिनी तयार झाली तेव्हा हे इंधन कुणाच्या मनातही नव्हते. मी त्या धोरणाविरुद्ध बोलत नाही, तो वेगळा विषय आहे. पण चाळीस वर्षांपूर्वीच्या नळ्या तशाच ठेवून आजचे पेट्रोल भरायचे आणि मग गाडीला नावे ठेवायची, हे बरोबर नाही.

आता आमच्या गाडीचे काय झाले ते सांगते. वर्षभरात तीन ठिकाणी गाडी दाखवली. पहिल्याने पंप बदलला. दुसऱ्याने कॉइल, कंडेन्सर आणि प्लग बदलले. तिसऱ्याने कार्बोरेटर उघडून किट घातले. मिळून अकरा-साडेअकरा हजार रुपये गेले आणि गाडी घाटात थांबायची ती थांबतच राहिली. तिघांपैकी एकानेही "किती वेळाने थांबते?" असे विचारले नाही. मी सांगू लागले तर ते पुतण्याकडे बघून बोलत. बाईमाणूस, त्यात म्हातारी, तिला काय कळते!

शाळेतली सवय कामी आली. शंभर पानी वही घेतली आणि रकाने आखले. तारीख, वेळ, कुठून निघालो, किती मिनिटांनी थांबली, चढ की सपाट, ऊन की थंडी, टाकीत पेट्रोल किती, एकदम थांबली की आचके देत, आणि किती वेळाने सुरू झाली. नऊ नोंदी जमल्या. एका बैठकीत वाचल्या तर त्या आपणहून बोलू लागल्या. नऊपैकी सात वेळा चढावर आणि दोनदा महामार्गावर वेगात थांबली होती. वाईच्या बाजारात एकदाही नाही. अर्ध्या तासाच्या आत कधीच नाही. दोन नोंदी जानेवारीतल्या थंड सकाळच्या, म्हणजे एकट्या उन्हावर खापर फोडता येत नव्हते. प्रत्येक वेळी आचके देत थांबली होती, आणि पुतण्याने पाहिले तेव्हा पिचकारी उडाली नव्हती. झाकण चार वेळा उघडून पाहिले, ना आवाज, ना फरक. आठ ते बारा मिनिटांनी प्रत्येक वेळी सुरू झाली.

ही वही घेऊन आम्ही एका वयस्क मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून सगळी पाने वाचली. मग म्हणाले, "बाई, आता काही बदलायचं नाही. आपण घाटात जाऊ." तेही आमच्याबरोबर आले आणि येताना सायकलचा हवेचा पंप घेऊन आले.

गाडी थांबली. त्यांनी ती कडेला सुरक्षित जागी घेतली, चाकांना दगड लावले आणि इंजिन थोडे निवू दिले. पंपाकडे येणारी नळी सोडून तोंडाशी फडके धरले, तिच्यातून मागे टाकीकडे हवा मारली. मला मागे टाकीशी कान लावायला सांगितले होते. आधी काहीच नाही, मग एकदम बुडबुड आवाज आला. नळी जोडली, गाडी सुरू केली. थांबली त्यापेक्षा जोरात वर चढली आणि पुढे कुठेही अडली नाही. ते म्हणाले, "दोष टाकीत आहे. पण नक्की करू."

दुसऱ्या दिवशी त्यांनी टाकी आणि जुनी नळी बाजूला ठेवून पंपाला वेगळ्या बंद डब्यातून पेट्रोल दिले. याने अर्धी गाडी एका फटक्यात निर्दोष ठरते किंवा दोषी. त्या जोडणीवर दोष आला नाही, म्हणजे पंप, कार्बोरेटर, कॉइल सगळे सुटले. (हा प्रयोग जाणकारानेच करायचा. गरम सायलेन्सरजवळ पेट्रोल म्हणजे खेळ नाही. जवळ आग विझवण्याचे साधन हवेच.) मग टाकी उतरवली. आत गंजाचे पापुद्रे, कांद्याच्या सालीएवढे. पंप जोरात ओढू लागला की एखादा पापुद्रा नळीच्या तोंडाशी चिकटायचा. गाडी थांबली, ओढ थांबली, की पापुद्रा सुटून तळाला बसायचा. म्हणून दहा मिनिटांनी सगळे ठीक! टाकी साफ केली, रबरी नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या घातल्या, पंपाच्या अलीकडे आतले दिसेल असा लहान फिल्टर बसवला. सगळा खर्च आधीच्या खर्चाच्या निम्म्याहून कमी. डिसेंबर २०२४ पासून गाडी घाटात थांबलेली नाही. वहीचे पुढचे पान कोरे आहे, आणि कोऱ्या पानाचा आनंद शिक्षकाला क्वचितच होतो!

हे वाचून कुणी म्हणेल, मग आधीचे तिघे मिस्त्री फसवे होते. मला तसे वाटत नाही. दोष आपल्या पैसे देण्याच्या पद्धतीतही आहे. डॉक्टरकडे गेलो की तपासणीची फी आपण निमूट देतो, औषधाचे वेगळे देतो. मिस्त्रीला मात्र नुसते 'बघण्याचे' पैसे द्यायला आपला हात आखडतो. "काही बदललं नाही, मग कसले पैसे?" असे विचारणारे आपणच. मग तो तरी काय करील? घाटात येऊन अर्धा दिवस घालवला तर त्याला शून्य मिळणार आणि नवा पंप बसवला तर मजुरी मिळणार. तो पंपच बसवणार. विचार करण्याचे मोल आपण देत नाही, वस्तूचे देतो, आणि नंतर विचार झाला नाही म्हणून ओरडतो. त्या वयस्क मिस्त्रींना मी दोन्ही दिवसांचे पैसे आधी ठरवून दिले, दोष सापडो वा न सापडो. ते संकोचले, पण घेतले.

दुसरी बाजूही आहे, ती मी मान्य करते. पंपाचे किट स्वस्त असते, वय झालेल्या गाडीत ते बदलावेच लागते, आणि कधी कधी अंदाजाने बदललेल्या भागाने दोष जातोही. पण त्यात एक मोठी मेख आहे. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि गाडी बरी झाली, तर कशाने बरी झाली ते कळत नाही. बरी झाली नाही, तर नवा घातलेला भागच खराब निघाला की काय ही नवी शंका. व्याकरणात वाक्य अडले की आपण सगळे शब्द खोडत नाही. कर्ता शोधतो, क्रियापद शोधतो, एकेक जोडून बघतो. इथेही तेच.

ज्यांच्याकडे जुनी गाडी आहे त्यांना माझे सांगणे एवढेच. वही ठेवा. गाडी थांबली की आधी वेळ बघा आणि मग चिडा. चढावर थांबणारी गाडी चढावरच दाखवा. बदललेला प्रत्येक जुना भाग परत मागून घ्या. आणि निदानाचे पैसे वेगळे द्या. एवढे करून दोष सापडला नाही तर खुशाल गाडी काढा, मी अडवणार नाही. घाटात माणसांचा जीव गाडीपेक्षा मोठा आहे. पण निदान करायचा कंटाळा आला म्हणून वस्तू निकामी ठरवू नका.

घरातल्या तरुण मंडळींना एक वेगळे सांगायचे आहे. 'कधी कधी' होणारी तक्रार खोटी नसते. गाडीची असो, नळाच्या पाण्याची असो, की घरातल्या म्हाताऱ्या माणसाची असो. "आत्ता तर बरी दिसतेस" असे म्हणण्याआधी "कधी होते, किती वेळ राहते?" एवढे विचारायला काही पैसे पडत नाहीत.

नूतनीकरणाचे कागद पुतण्याने आपणहून भरले आहेत. नणंदेला कळवले आहे, पुढच्या आठवड्यात येतो म्हणून.

तुमच्याकडे अशी हुलकावणी देणारी गाडी असेल, किंवा वेगळ्याच ठिकाणी दोष सापडला असेल, तर जरूर लिहा. माझ्या वहीत पाने पुष्कळ शिल्लक आहेत.